मात्रा किती, आणि पहिली कोणाला?

पॉडकास्टच्या या भागात कॅन्सरच्या औषधांच्या ट्रायल्सबद्दल बोललो खरं, पण बहुतेक सगळा वेळ ‘औषध चालतं का?’ या प्रश्नावर गेला. त्याच्या आधीचा प्रश्न राहूनच गेला: औषध द्यायचं किती? हा लेख त्या राहिलेल्या प्रश्नाबद्दल.

आपल्याकडे बाळगुटी उगाळताना वेखंडाचा एक वेढा, हळकुंडाचे दोन, असा हिशेब घरातल्या मोठ्या बाईला पाठ असायचा. तिला तो तिच्या आईनं किंवा सासूनं सांगितलेला असायचा. तो हिशेब शास्त्रीयदृष्ट्या बरोबर होता का, हा वेगळा विषय. मुद्दा असा, की आधीच्यांचा अनुभव हाताशी असायचा. प्रयोगशाळेतून नुकत्याच बाहेर आलेल्या रेणूबद्दल मात्र सांगायला कोणीच नसतं. कुणीतरी एक माणूस तो पहिल्यांदा घेणार असतो आणि त्याला किती द्यायचा हे कुणाला तरी ठरवावं लागतं. मग दुसरा माणूस, मग तिसरा. याला पहिल्या टप्प्याची ट्रायल म्हणतात. बहुतेक वेळा वीस-तीस पेशंट, फार तर साठ. पण पुढे हजारो लोकांना मिळणारा डोस इथेच ठरतो.

माझं काम संख्याशास्त्रातलं. घरी फोनवर सांगितलं की हमखास प्रश्न येतो, ‘कॅन्सरच्या औषधात आकडेमोडीचं काय काम?’ माझं उत्तर असं: डोस शोधण्याची पद्धत म्हणजे आधीच्या पेशंटनं सोसलेलं पुढच्या पेशंटच्या उपयोगी कसं पाडायचं, याचा करार. तो करार नीट केला नाही तर कुणीतरी सोसतं आणि ते वाया जातं. ब्रिटनमध्ये हा करार कसा घडत, बिघडत आणि सुधारत गेला, ते पाहू.

बेकनहॅम, १९२७

सुरुवात माणसांपासून नाही, प्राण्यांपासून झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डिजिटॅलिससारखी औषधं वनस्पतींपासून काढत आणि इन्सुलिन जनावरांच्या स्वादुपिंडापासून. प्रत्येक खेपेची ताकद वेगळी असायची. म्हणून बेडकांवर, उंदरांवर चाचणी करून ‘किमान मारक मात्रा’ काढायची पद्धत होती. म्हणजे ज्या डोसला प्राणी मरतो, असा सगळ्यात छोटा डोस.

लंडनच्या दक्षिणेला बेकनहॅम इथे वेलकम कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या जॉन विल्यम ट्रेव्हन यांनी १९२७ साली दाखवलं, की या कल्पनेतच गोंधळ आहे. एक उंदीर ज्या डोसला मरतो, त्याच डोसला त्याच्या शेजारचा मजेत फिरत असतो. सगळ्यांसाठी एकच सीमारेषा असं काही नसतं. असते ती एक वक्ररेषा: डोस वाढेल तसं त्रास होणाऱ्यांचं प्रमाण वाढत जातं, आधी हळू, मग झपाट्यानं, मग पुन्हा हळू. त्या रेषेवरचा सगळ्यात भरवशाचा बिंदू मधला, म्हणून त्यांनी निम्मे प्राणी ज्या डोसला मरतात तो डोस मोजायला सुचवलं. विषशास्त्रात पुढे अनेक दशकं वापरला गेलेला हा मापदंड तिथून आला.

पुढे लंडनमध्ये रोनाल्ड फिशर यांच्याजवळ काम केलेल्या अमेरिकन चेस्टर ब्लिस यांनी १९३०च्या दशकात या वक्ररेषेचं गणित बसवलं आणि डेव्हिड फिनी यांनी १९४७ साली त्यावर पुस्तक लिहिलं. थोडक्यात, ‘डोस आणि धोका यांच्यात रेषा असते, भिंत नसते’ हे ब्रिटनमधल्या संख्याशास्त्रज्ञांना दुसऱ्या महायुद्धापर्यंत चांगलं माहीत होतं.

अडचण एकच होती. उंदीर हवे तेवढे आणता येतात आणि निम्मे मेले तरी चालतं. माणसांच्या बाबतीत ही सोय नाही.

तीन अधिक तीन

सर्दीच्या औषधाची पहिली चाचणी निरोगी माणसांवर करता येते. जुन्या पद्धतीची कॅन्सरची औषधं मात्र पेशींच्या डीएनएवरच घाव घालतात. ती निरोगी माणसाला देणं बरोबर नाही. म्हणून पहिल्या टप्प्यात पेशंटच येतात, आणि तेही असे, ज्यांच्यावरचे बाकीचे उपचार संपलेले असतात. त्यांच्याकडे वेळ कमी असतो. म्हणून इथे दोन्ही बाजूंनी चूक महागात पडते. डोस जास्त झाला तर विषबाधा, कमी झाला तर उरलेले आठवडे निरुपयोगी औषधात गेले.

सुरुवातीच्या डोससाठी ब्रिटनमध्ये एक ठोकताळा रुळला: ज्या डोसला दहा टक्के उंदीर मरतात, त्याचा दहावा भाग, शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबानं. तिथून वर कसं चढायचं, यासाठी जगभर एक साधा नियम पसरला. त्याचं नाव ‘तीन अधिक तीन’.

नियम असा. एका डोसवर तीन पेशंट घ्या. कुणालाही गंभीर त्रास झाला नाही, तर पुढच्या तिघांना वरचा डोस द्या. तिघांपैकी एकाला त्रास झाला, तर त्याच डोसवर आणखी तीन घ्या. सहांत एकच निघाला तर वर चढा. कुठेही दोघांना त्रास झाला की थांबा, आणि त्याच्या खालची पायरी हा ‘सोसवणारा सर्वांत मोठा डोस’ मानून पुढच्या टप्प्याकडे पाठवा.

या नियमाचा एकच असा जनक सांगता येत नाही. १९४८ साली डिक्सन आणि मूड या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञांनी स्फोटकांच्या चाचणीसाठी ‘स्फोट झाला तर एक पायरी खाली, नाही झाला तर एक पायरी वर’ अशी पद्धत मांडली होती. तीन अधिक तीन हा त्याच घराण्यातला. त्याचं मोठं आकर्षण म्हणजे तो डॉक्टरांना कागद-पेन्सिलीशिवाय, वॉर्डात उभ्या उभ्या वापरता येतो.

आता थोडं गणित करून पाहू, कारण इथेच खरी गोम आहे. समजा एखाद्या डोसला दर दोन पेशंटपैकी एकाला गंभीर त्रास होतो, म्हणजे तो डोस सरळ सरळ घातक आहे. तरीही तीन अधिक तीनचा नियम तो डोस ‘पास’ करण्याची शक्यता सुमारे १७ टक्के आहे. उलट बाजूनं, समजा दुसऱ्या एका डोसला पाचांपैकी एकालाच त्रास होतो, जे कॅन्सरच्या उपचारात सहसा चालवून घेतात. तो डोस हा नियम सुमारे २९ टक्के वेळा नापास करतो. तिघांना काहीच झालं नाही म्हणून आपण हुश्श म्हणतो, पण तिघांत शून्य त्रास दिसूनही खरा धोका ६० टक्क्यांच्या आसपास असू शकतो. तीन हा आकडा फारच लहान आहे.

याहून मोठा दोष म्हणजे या नियमाला स्मरणशक्ती नाही. चौथ्या पायरीवर निर्णय घेताना तो पहिल्या तीन पायऱ्यांवरच्या नऊ पेशंटकडे वळूनही बघत नाही. त्या नऊ जणांनी रक्त काढून घेतलं, उलट्या सोसल्या, दर आठवड्याला हॉस्पिटलच्या चकरा मारल्या. नियमाच्या लेखी ते संपले. आणि योग्य डोस पाचव्या पायरीवर असेल तर पहिल्या चार पायऱ्यांवरचे निदान बारा पेशंट फार कमी डोसवर राहिलेले असतात.

सटन: तोच डोस, वेगळी माणसं

अनुभव वाया न घालवणं म्हणजे काय, याचं चांगलं उदाहरण लंडनच्या दक्षिणेला सटन इथे घडलं. तिथे रॉयल मार्सडेन हॉस्पिटल आणि इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्च शेजारी शेजारी आहेत.

१९७०च्या दशकात सिस्प्लॅटिन हे प्लॅटिनमचं औषध आलं. अंडाशयाच्या आणि वृषणाच्या कॅन्सरवर ते कमालीचं लागू पडायचं, पण किडनीची वाट लावायचं आणि उलट्या इतक्या, की पेशंट दुसऱ्या खेपेला यायला घाबरायचे. तेव्हा इन्स्टिट्यूटमधल्या शास्त्रज्ञांनी जॉन्सन मॅथी या धातूंच्या कंपनीबरोबर काम करून त्याचा सौम्य भाऊ शोधला, कार्बोप्लॅटिन. हिलरी कॅल्व्हर्ट आणि सहकाऱ्यांनी त्याच्या पहिल्या ट्रायलचे निष्कर्ष १९८२ साली छापले. ६० पेशंट, शरीराच्या दर चौरस मीटरला २० मिलिग्रॅमपासून सुरुवात आणि ५२० पर्यंत चढण. वरच्या डोसला प्लेटलेट घसरायला लागल्या, आणि ४०० हा डोस पुढे सुचवला गेला.

इथे बहुतेक ट्रायल्सची गोष्ट संपते. या ट्रायलची संपली नाही, कारण या लोकांनी प्रत्येक पेशंटबद्दल ‘त्रास झाला का, हो की नाही’ एवढंच लिहून ठेवलं नव्हतं. औषध रक्तात किती काळ किती राहतं आणि किडनी किती वेगानं गाळते, हेही मोजलं होतं. त्यातून दिसलं, की तोच डोस एकाच्या प्लेटलेट पार खाली नेतो आणि दुसऱ्याला जेमतेम पुरतो, आणि फरक मुख्यतः किडनीचा आहे.

१९८९ साली कॅल्व्हर्ट यांनी साधं सूत्र मांडलं: रक्तात औषधाचा जेवढा एकूण प्रभाव हवा, त्या आकड्याला किडनीच्या गाळण्याच्या वेगात २५ मिळवून गुणा, झाला मिलिग्रॅममधला डोस. प्रभावाचं लक्ष्य ५ धरलं आणि किडनी मिनिटाला १०० मिलिलिटर गाळत असेल, तर डोस ६२५ मिलिग्रॅम. तीच किडनी ४० मिलिलिटरवर आली असेल तर ३२५, म्हणजे जवळपास निम्मा. हे सूत्र १८ पेशंटच्या माहितीवरून बांधलं आणि मग नव्या ३१ पेशंटवर तपासलं गेलं. आजही जगभर कार्बोप्लॅटिनचा डोस त्यानंच काढतात. तुमच्या ओळखीत कुणाला हे औषध मिळालं असेल, तर त्याआधी किडनीची तपासणी का केली, याचं उत्तर सटनच्या त्या पेशंटपाशी जातं.

ट्रेव्हननं उंदरांबद्दल जे सांगितलं होतं, सगळ्यांची सीमा एक नसते, ते इथे माणसांच्या कामी आलं.

केंब्रिज, कोल्हापूर आणि आठवण ठेवणारं गणित

‘आधी एक अंदाज धरा, पुरावा येईल तसा तो बदलत चला’ हे गणित थॉमस बेज या इंग्लिश धर्मगुरूच्या नावानं ओळखलं जातं. त्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७६३ साली छापला गेला. विसाव्या शतकात फिशर आणि त्यांच्या अनुयायांनी हा विचार जवळजवळ बाजूला टाकला होता. केंब्रिजमध्ये हॅरल्ड जेफ्रीज यांनी मात्र तो नेटानं जपला आणि १९३९ साली त्यावर मोठा ग्रंथ लिहिला.

आपल्यासाठी यात एक घरचा धागा आहे. जेफ्रीज यांच्याकडे पीएचडी केलेल्या मोजक्या संख्याशास्त्रज्ञांपैकी एक म्हणजे कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार. १९४९ साली त्यांनी केंब्रिजची पदवी घेतली आणि १९५३ पासून पुणे विद्यापीठातला संख्याशास्त्र विभाग उभा केला. म्हणजे लंडनमध्ये ज्या विचाराकडे भुवया उंचावून बघायचे, त्याची ओळख पुण्यातल्या विद्यार्थ्यांना जेफ्रीजच्या शिष्याकडूनच होत होती.

डोसच्या प्रश्नाला हा विचार लावला तो १९९० साली. जॉन ओ’क्विग्ली, मार्गारेट पेपे आणि लॉइड फिशर (हे फिशर वेगळे) यांनी ‘बायोमेट्रिक्स’ या नियतकालिकात एक पद्धत मांडली. मराठीत तिला ‘सतत पुनर्मूल्यांकन पद्धत’ म्हणता येईल. कल्पना साधी आहे. ट्रायल सुरू होण्याआधीच ठरवा, की किती धोका चालेल, समजा २५ टक्के. डोस आणि धोका यांची अंदाजे वक्ररेषा काढा. प्रत्येक पेशंटनंतर, आतापर्यंतच्या सगळ्या पेशंटचे निकाल घालून ती रेषा पुन्हा काढा. ज्या डोसचा धोका लक्ष्याच्या सगळ्यात जवळ दिसतो, तो पुढच्या पेशंटला द्या.

आमटीत मीठ घालणाऱ्याला हे नवं वाटणार नाही. चव घेताना आपण आधीच्या तीन चमचांची आठवण पुसून टाकत नाही.

मूळ पद्धतीत एक टोचणारी गोष्ट होती. पहिल्याच पेशंटला गणिताला योग्य वाटणारा डोस द्यायचा, सर्वांत खालचा नाही. डॉक्टरांना ते पटलं नाही आणि त्यांचं बरोबर होतं, कारण सुरुवातीची रेषा शेवटी अंदाजच असते. काही वर्षांत दुरुस्त्या झाल्या: सुरुवात खालूनच करायची, वर जाताना पायरी गाळायची नाही. ब्रिटनमध्ये रेडिंगला जॉन व्हाइटहेड आणि सहकाऱ्यांनी याच वळणाच्या पद्धती विकसित केल्या. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत हत्यार तयार होतं.

आणि मग? फारसं काही नाही. २००७ साली छापलेल्या एका पाहणीत १९९१ ते २००६ या काळातल्या कॅन्सरच्या पहिल्या टप्प्याच्या १,२३५ ट्रायल्सचे अहवाल तपासले होते. त्यांपैकी अशी आठवण ठेवणारी पद्धत वापरणाऱ्या ट्रायल्स किती? २०. म्हणजे १.६ टक्के.

नॉर्थविक पार्क, १३ मार्च २००६

वेंब्लीच्या पुढे मेट्रोपॉलिटन लाइनवर नॉर्थविक पार्क स्टेशन लागतं. तिथल्या हॉस्पिटलच्या आवारात एका खाजगी कंपनीचं औषध-चाचणी केंद्र होतं. एका विशिष्ट रक्ताच्या कॅन्सरसाठी आणि संधिवातासाठी बनवलेलं टीजीएन१४१२ नावाचं प्रतिपिंड तिथे पहिल्यांदा माणसांना दिलं गेलं. हे पेशी मारणारं औषध नसल्यानं निरोगी तरुण स्वयंसेवक घेतले होते, प्रत्येकी सुमारे दोन हजार पौंड मानधनावर.

आठ जण होते. सहांना औषध, दोघांना नुसतं द्रावण. डोस माकडांना निर्धोक वाटलेल्या डोसच्या पाचशेवा भाग होता, म्हणजे कागदावर भरपूर सावध. सकाळी आठला सुरुवात झाली आणि साधारण दहा-दहा मिनिटांच्या अंतरानं एकेकाच्या शिरेत औषध सोडलं गेलं. तासा-दीड तासात डोकेदुखी, पाठदुखी, उलट्या सुरू झाल्या. पहिल्या माणसाला त्रास होऊ लागेपर्यंत बाकीच्यांनाही औषध दिलं गेलं होतं किंवा दिलं जात होतं. रात्रीपर्यंत औषध घेतलेले सहाही जण अत्यवस्थ झाले होते. सगळे जगले, पण एकाला हातापायांच्या बोटांचे भाग गमवावे लागले.

यात जीवशास्त्राची चूक होती तशी संख्याशास्त्राचीही होती. गॉर्डन डफ यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं नेमलेल्या तज्ज्ञगटानं दाखवलं, की त्या ‘पाचशेव्या भागा’नेसुद्धा शरीरातल्या लक्ष्य-रेणूंपैकी सुमारे ९० टक्के व्यापले जातील, हे आधीच गणितानं काढता आलं असतं. माकडाच्या त्या ठरावीक पेशींवर हे लक्ष्यच नसतं, हे पुढे हार्टफर्डशायरमधल्या सरकारी प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी शोधलं.

रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीनंही स्टीफन सेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल २००७ साली आला आणि त्यातला सूर अगदी व्यवहारी होता. दोन माणसांना डोस देण्यात पुरेसं अंतर ठेवा, आणि ते किती व का, हे आधी लिहून ठेवा. सुरुवातीचा डोस आकड्यांनिशी समजावून सांगा. धोका किती आहे याचा अंदाज स्वयंसेवकालाही सांगा. आणि एका ठिकाणी झालेला त्रास दुसऱ्या ठिकाणच्या लोकांना कळेल अशी व्यवस्था करा.

पहिला माणूस आणि दुसरा माणूस यांच्यात एक दिवस गेला असता, तर सहांऐवजी एकच जण आयसीयूत गेला असता. दहा मिनिटांत पहिल्याकडून शिकण्यासारखं काही घडलंच नव्हतं. म्हणजे माणसं एकामागून एक घेतली खरी, पण आधीच्याचा अनुभव पुढच्याला मिळेल अशी सोयच नव्हती. मी वर ज्याला करार म्हटलं, तो हाच.

बर्मिंगहॅमचा कागद

यानंतर ब्रिटनमध्ये नियम कडक झाले, आता पहिला माणूस सहसा एकटाच असतो. पण वर चढायचा नियम? तीन अधिक तीन तसाच होता. का, हे २०१७ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सर’मधल्या एका लेखात पाहणीवरून मांडलं गेलं. प्रमुख डॉक्टरांना जुनं सवयीचं वाटतं. नवं शिकवणारं कुणी नाही. आणि नव्या पद्धतीसाठी ट्रायलच्या आधी संगणकावर शेकडो काल्पनिक ट्रायल्स चालवून बघाव्या लागतात, तर त्या वेळी अनुदान आलेलं नसतं, म्हणजे संख्याशास्त्रज्ञाला पगार देणारं कुणी नसतं. शेवटचं कारण ऐकून माझ्यासारख्या पोस्टडॉकांना हसू येतं आणि रडूही.

डॉक्टरांच्या अविश्वासाला मात्र मी नावं ठेवणार नाही. पेशंटच्या डोळ्यांत बघून ‘तुमचा डोस वाढवतोय’ हे त्यांना सांगायचं असतं, आणि संगणकातून आलेल्या आकड्यावर ते सांगणं सोपं नाही.

यावर बर्मिंगहॅम विद्यापीठात क्रिस्टिना यॅप आणि सहकाऱ्यांनी काढलेली तोड मला फार आवडते. त्यांनी सगळ्या शक्यता आधीच कागदावर मांडल्या. पहिल्या गटात कुणालाच त्रास नाही, तर पुढचा डोस हा. एकाला झाला, तर हा. दोघांना झाला, तर हा. त्यापुढच्या गटाच्या फांद्या पुन्हा तशाच. डॉक्टर ट्रायलच्या आधीच तो वृक्ष बघून म्हणू शकतात, ‘ही फांदी मला पटत नाही, इथे गणित फार धीट होतंय’, आणि मग गणित बदलायचं. प्रत्यारोपणानंतर उलटलेल्या तीव्र रक्ताच्या कॅन्सरवरच्या एका ट्रायलमध्ये, २९ पेशंटवर, दोन औषधांच्या जोडीचा डोस सतत पुनर्मूल्यांकनाच्या पद्धतीनं शोधला गेला. गणिताची आठवण आणि डॉक्टरांचा विवेक, दोन्ही एका कागदावर आले. २०२३ साली यॅप यांच्याच पुढाकारानं, आता सटनमधून, अशा ट्रायल्स कशा आखाव्यात आणि त्यांचे अहवाल कसे लिहावेत याची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध झाली.

जास्त म्हणजे चांगलं?

एक गृहीतक आतापर्यंत आपण तपासलंच नाही. ‘सोसवेल तेवढं जास्त द्यायचं’ यामागे समज असा, की डोस वाढला की फायदाही वाढतो. पेशी मारणाऱ्या औषधांना हे बऱ्यापैकी लागू होतं. नव्या औषधांना होईलच असं नाही.

प्रोस्टेट कॅन्सरवरचं अबिराटेरॉन हे औषधही सटनचंच. २००८ साली छापलेल्या पहिल्या ट्रायलमध्ये २१ पुरुष होते, डोस २५० ते २,००० मिलिग्रॅम. अगदी वरच्या डोसलाही थांबावं लागेल असा त्रास झाला नाही. जुन्या नियमानं २,००० निवडला असता. पण संशोधकांनी हार्मोन मोजले होते, आणि ७५० च्या वर गेल्यावर औषधाचा परिणाम आणखी वाढताना दिसत नव्हता. म्हणून त्यांनी १,००० निवडला.

सगळीकडे असं झालं नाही. इम्युनोथेरपीच्या निवोलुमॅबमध्ये सुरुवातीच्या ट्रायल्सना सोसवण्याची वरची मर्यादाच सापडली नाही, आणि नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असा रूढ झाला. भारतात ही किंमत बहुतेकांच्या आवाक्याबाहेर. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या १५१ पेशंटवर केलेली ट्रायल २०२३ साली छापून आली. नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीला निम्म्या पेशंटना निवोलुमॅब दिलं, दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम. वर्षानंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. इथे पूर्ण डोसशी तुलना नव्हती, म्हणून ‘एवढंच पुरतं’ असं म्हणता येत नाही. पण पहिल्या टप्प्यात ‘किमान किती पुरेल?’ हा प्रश्न विचारला गेला नाही, तर तो पंधरा वर्षांनी परळला विचारावा लागतो, आणि मधल्या काळात परवडत नाही म्हणून कितीतरी पेशंट औषधाविना राहतात. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०२१ पासून कंपन्यांकडे हाच प्रश्न लावून धरला आहे.

आपल्याला याचं काय?

आपल्यापैकी अनेकांचे आईवडील आता साठी-सत्तरीत आहेत, काही इथे, काही तिकडे. कधीतरी कुणाला पहिल्या टप्प्याच्या ट्रायलबद्दल विचारलं जाईल. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या १९९१ ते २००२ मधल्या ४६० ट्रायल्समध्ये गाठ लक्षणीय कमी झालेल्यांचं प्रमाण १०.६ टक्के होतं आणि औषधाच्या त्रासानं दगावलेल्यांचं ०.४९ टक्के. ही सरासरी जुनी आहे, प्रत्येक औषधाची गोष्ट वेगळी. पण फायद्याची खात्री नसताना लोक या ट्रायल्समध्ये जातात, आणि त्यातले बरेच जण सांगतात की पुढच्यांना उपयोग व्हावा म्हणून गेलो.

म्हणून तशी वेळ आली तर बिनधास्त विचारा. आमचा नंबर कितवा? आमच्या आधी किती जणांना हे औषध मिळालं आणि त्यांना काय झालं? डोस वाढवायचा निर्णय कोणत्या नियमानं होतो, आणि तो नियम आधीच्या सगळ्या पेशंटकडे बघतो की शेवटच्या तिघांकडेच? डोस कमी पडतोय असं दिसलं तर आम्हाला वरचा मिळू शकतो का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा ‘नाही’ असेल, आणि त्यामागे कधी कधी योग्य कारणही असतं. पण प्रश्न विचारण्याचा हक्क पेशंटचाच आहे. पुढच्या माणसाला योग्य मात्रा मिळावी म्हणून जो स्वतः आधी घेतो, त्याला निदान हे कळायला हवं, की त्याचं सोसणं कुठे लिहून ठेवलं जाणार आहे आणि ते कुणाच्या उपयोगी पडणार आहे.